राशीच्या तळाचा भात

नम्रताला शिकवली ही चूक झाली, असं सकुबाई तोंडानं कधी म्हणाली नाही. पण प्रियांकाच्या लग्नापासून ते शब्द तिच्या ओठांपर्यंत येऊन येऊन माघारी जात होते. शिकलेल्या पोरीनं असं वागावं का? व्याही अंगणात वाकून ओकतोय, विहीण त्याची पाठ चोळतेय, घरचे पाण्याचे तांबे घेऊन धावतायत, आणि ही भवानी कुठं, तर व्याह्याच्या तोंडापुढं झाकणाची बरणी धरून उभी. "काका, थोडं यात," म्हणाली म्हणे. मुरबाडकडचा भगीरथ म्हणजे भारदस्त माणूस, भर उन्हात ज्याच्या फेट्याची घडी मोडली नाही. त्याला सकुबाईच्या नातीनं बरणीत ओकायला लावलं. शेणवे गावात लोक ही गोष्ट अजून सांगत होते. सांगताना हसत होते आणि सकुबाई दिसली की गप्प होत होते. हसलेलं एक वेळ चालतं. गप्प झालेलं माणसाला आत जाऊन लागतं.

नम्रता ही सकुबाईच्या लेकाची, शेखरची, थोरली मुलगी. प्रियांका धाकटी. धाकटीचं लग्न आधी झालं, कारण थोरलीला म्हणे वेळच नव्हता. अन्नातून बाधा करणारे जंतू असतात, त्यांचा अभ्यास ती मुंबईच्या एका कॉलेजात करत होती. हे पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा सकुबाई म्हणाली होती, की लोकांच्या पोरी डॉक्टर होतात, आमची हगवणीची मास्तरीण झाली. वर्षभर ही पोरगी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत घरोघर फिरत होती. शिजलेला भात, कणगीतलं धान, खाचरातली माती, असलं काय काय डब्यांत भरून नेत होती. घरी जेवायला बसली तरी पहिला घास तोंडात नाही, डबीत. जेवायला आलीस का पंचनाम्याला, असं आजी विचारायची आणि नात नुसती हसायची.

आता सकुबाईचा भात म्हणजे काय, हे परक्या माणसाला सांगावं लागेल. शेणव्यात सांगावं लागत नसे.

लग्नाचा भात राशीचा. सासूनं, लहानीबाईनं, तो तिच्या हातात दिला होता. पहाटे अंगणात खणलेल्या चुलीच्या चरावर हंडे चढायचे. तांदूळ घरचा, जुनं कोलम. भात बोटाला मऊ लागला की पेज काढायची, बांबूच्या टोपल्यांत तो निथळायचा, आणि मग चटईवर पळसाची पानं, पानांवर धुतलेलं धोतर आणि धोतरावर रास. कमरेइतकी उंच, कडेनं थापून गोल केलेली. वरून दुसरं धोतर. माथ्यावर नारळ, नारळाला हळदकुंकू. रास झाकली की सकुबाई तिच्याकडं अशी बघायची, जशी दुसऱ्या बायका पाळण्याकडं बघतात.

पंगत बसली की तिचा नवरा दामू राशीपाशी उभा राहायचा. धोतराचा एक पदर उचलला की वाफ अशी वर यायची की मांडवातली माणसं बोलायची थांबायची. त्या वासासाठी लोक किन्हवलीहून चालत आले आहेत. दामू वाढप्यांना सांगायचा, की वाढताना हात आखडू नका, भात आपल्या खाचरातला आहे, दुकानातला नाही. रास नेहमी वरून मोडायची. वरचा भात मानाचा, पाहुण्यांचा, जाणत्यांचा. तळ शेवटी. तसाच रिवाज होता. पत्रावळी टाचणाऱ्या बायकांचा गलका, गॅसबत्तीचा तो फुसफुसता आवाज, नवरीला चिडवणारी गाणी, या सगळ्यावर ती पांढरी रास. दामू गेला, गॅसबत्त्या गेल्या, गाणी मोबाइलात गेली. रास मात्र सकुबाईनं जाऊ दिली नव्हती.

म्हणून प्रियांकाच्या लग्नाला शेखरनं केटररचं नाव काढलं तेव्हा तिनं त्याला विचारलं, की नातीच्या लग्नात भात परक्याच्या हातचा खायचा तर आजीही भाड्यानं आणतोस का. मग तिनंच ठरवलं. मसालेभात नको, पुलाव नको. भात राशीचा, वरण, भाजी, बुंदी. आणि मठ्ठा चंद्राबाईचा.

चंद्राबाई बौद्धवाडीतली, सकुबाईच्याच वयाची. दोघी एका वर्षी या गावात सून म्हणून आल्या. पुढं भातलावणीच्या कितीतरी आवण्या दोघींनी एका ओळीत, खांद्याला खांदा लावून काढल्या. एकीनं गाणं उचललं की दुसरीनं झेलायचं. चंद्राबाईच्या लेकाच्या, रत्नदीपच्या, गोठ्यात चार म्हशी. त्यांच्या ताकाला घट्टपणा असा की मठ्ठा ढवळताना रवी उभी राहते. सकुबाई स्वतः तिच्या दारात जाऊन सांगून आली होती, की नातीच्या लग्नाला ताक तुझंच पाहिजे. गावच्या लग्नात बौद्धवाडीतून ताक येणं ही पहिलीच वेळ होती. काही जणांच्या भुवया चढल्या, पण सकुबाईच्या तोंडाला तोंड देणारा माणूस गावात नव्हता.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड मुरबाडहून निघालं वेळेवर. पण सरळगावच्या पुढं रस्त्यात ट्रॅक्टर आडवा झाला, नंतर गावच्या वेशीवर पोरांना डीजे लावून नाचायचं होतं, आणि नाचून झाल्यावर फोटोवाल्याला फोटो काढायचे होते. गावच्या पंगती सकाळीच उठल्या होत्या. वऱ्हाडी पानावर बसले तेव्हा उन्हं कलली होती. सकुबाईनं राशीत हात घालून पाहिलं. तळचा भात अजून कोमट होता. तिला वाटलं, बरं झालं, ऊब राहिली. त्यांच्यासाठी म्हणून मठ्ठ्याचा एक टोपही वेगळा राखून ठेवला होता.

दिवेलागणीला पहिल्यांदा भगीरथ ओकला. मग त्याचा भाऊ, मग मागोमाग सगळी शेवटची पंगत. जिपा भरभरून माणसं शहापूरला दवाखान्यात नेली. दुसऱ्या दिवशी सगळी सुखरूप घरी गेली, जिवाला कुणाच्या काही झालं नाही. पण त्या संध्याकाळी नम्रता बरण्या घेऊन फिरत होती. राशीच्या चटईवरचा भात, टोपातला मठ्ठा, भाजी, आणि व्याह्याच्या तोंडापुढचं ते. सगळं बर्फाच्या डब्यात घालून ती सकाळी निघूनही गेली.

दोष कुणाचा, हे ठरवायला गाव तिच्या तपासणीपर्यंत थांबलं नाही. सावळाराम हा गावातला जाणता. तो म्हणाला, की भात तर सकाळपासून सगळा गाव जेवला, कुणाच्या पोटात दुखलं? मग राहिलं काय, मठ्ठा. हिशोब एवढा सरळ होता की कुणाला तो उलटा करून बघावासा वाटला नाही. त्यात कुणी तरी हळूच म्हणालं, आधीच म्हणत होतो, तिकडचं ताक कशाला. हे वाक्य गावानं कितीतरी वर्षं गालात धरून ठेवलं होतं, आता ते सांडलं. आठवड्याभरात रत्नदीपच्या दुधाची अर्धी घरं तुटली. चंद्राबाई सकुबाईकडं यायची बंद झाली.

आणि सकुबाई? जिच्या तोंडाला तोंड नव्हतं ती सकुबाई या एका गोष्टीवर काही बोलली नाही. सावळारामचा हिशोब तिला पटला होता. पटला म्हणण्यापेक्षा सोयीचा होता. राशीवर बोट नव्हतं ना, मग झालं.

भातरोपांचे राब भाजून काळे पडले, वैशाख सरत आला, तेव्हा नम्रता परत आली. अंगणात सावळाराम चहाला बसला होता, शेजारच्या दोघी जणी पापडाचं पीठ मळायला आल्या होत्या. पोरीनं पिशवी खाली ठेवली, पाणी प्याली आणि कागद काढला. कागदावर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा होत्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला गावाचं नाव. शेणवे, किन्हवली, मुरबाडकडची गावं.

तिनं सांगितलं ते असं. भातात एक जंतू असतो, तो खाचरातल्या मातीतूनच दाण्यावर येतो. जात एकच, पण घराणी कितीतरी. एका गावात पाच-सहा निघतात, शेजारच्या गावात भलतीच. बहुतेक घराणी गरीब, त्यांच्यानं काही होत नाही. एखादं घराणं मात्र विष करतं. कुठलं घराणं कुठून आलं, हे आता रक्ताच्या नात्यासारखं जुळवून बघता येतं. तिनं ते जुळवलं होतं. व्याह्याच्या बरणीतलं घराणं आणि चटईवरच्या भातातलं घराणं एकच निघालं. तेच सकुबाईच्या कणगीतल्या धानात निघालं, तेच खालच्या खाचरात. मठ्ठ्यात ते नव्हतं. मठ्ठ्यात त्रास देणारं काहीच नव्हतं.

सावळाराम म्हणाला, की भात तर उकळता शिजतो, जंतू जगेल कसा, आणि सकाळी जेवलेल्यांना काही का झालं नाही.

"तो बी होऊन झोपतो, आजोबा. उकळलं तरी मरत नाय," नम्रता म्हणाली. "भात कोमट झाला, झाकून तसाच राहिला की उठतो, वाढतो, विष करतो. सकाळी रास वाफेत होती, तेव्हा तो झोपला होता. दुपारी उठला. मग भात परत तापवला तरी ते विष जात नाय."

बायकांचे हात पिठात थांबले. सावळारामानं कप खाली ठेवला. आणि सगळ्यांनी मिळून सकुबाईकडं पाहिलं, जसं कधी कुणी पाहिलं नव्हतं. ती उठली, आत गेली, आणि त्या दिवशी ती जेवली नाही. शेखर समजूत घालायला आला, सून आली. त्यांना तिनं एवढंच सांगितलं, की चार माणसांत आजीची रास मोडायला पोर मुंबईहून भाडं भरून आली.

दोन दिवस नम्रताशी ती बोलेना. नम्रताही हट्टी, तिच्याच वळणाची. ती माडीवर कागद घेऊन बसली.

सकुबाई मागच्या दारी बसून खालच्या खाचराकडं बघत राहिली. पोरीचं बोलणं तिला कळलं नव्हतं असं नाही. नेमकं कळलं होतं, तोच त्रास होता. राब भाजतो तो कशाला, तणाचं बी जळावं म्हणून. पालापाचोळा, शेण, गवत घालून जमीन लाल होईस्तोवर भाजतो. तरी एखादं तण असं असतं की ते राखेतून वर येतं, आणि पहिल्या ओलीला भातरोपाच्या आधी येतं. बी निजून राहतं. हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

मग तिचं मन त्या जुन्या राशींकडं गेलं. मन तिकडं गेलं की तिला बरं वाटायचं. दामूचा हात, वाफ, पत्रावळी. तिनं एकेक लग्न आठवून पाहिलं. तेव्हा कुठं कुणाला काय व्हायचं, सगळा गाव जेवायचा आणि रात्री नाचायचा. असं ती स्वतःला सांगत होती, तेवढ्यात तिला आंबा आठवला.

आंबा मांडवापासून लांब होता. बौद्धवाडीची पंगत तिथं बसायची, सगळ्यांच्या नंतर. लग्नाला बोलावू नका असं कुणी म्हणत नसे. फक्त शेवटी बसवायचे. तोवर रास मोडत मोडत तळाला आलेली असायची. कोवळी सून होती तेव्हा सकुबाई स्वतः टोपलीत तो तळचा भात भरून आंब्याखाली न्यायची, आणि चंद्राबाईच्या पानात मुद्दाम चार घास जास्त टाकायची, मैत्रीण म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी चंद्राबाई खाचरात नसायची. तिची सासू नसायची. अर्धी वाडी पोट धरून घरात. गाव हसायचं. म्हणायचं, यांना पंगतीचं अन्न पचत नाही, खाताना हात आवरत नाही. वाडीतल्या बायका नजर लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळायच्या. चंद्राबाई तिसऱ्या दिवशी उतरल्या तोंडानं ओळीत येऊन उभी राहायची, आणि सकुबाई तिला चिडवायची, किती गो हादडलंस. चंद्राबाईही हसायची. दोघी हसायच्या.

रास तीच होती. खाचर तेच. वऱ्हाड पहिल्यांदा शेवटी जेवलं, म्हणून गावाला पहिल्यांदा दिसलं.

 त्या आठवणीत तिची सगळी तरणी वर्षं होती, सगळा सुगंध होता, आणि आता त्यात हात घालायला भीती वाटत होती.

सकाळी तिनं लुगडं नेसलं, ठेवणीतलं, आणि माडीच्या जिन्याखाली उभी राहून नातीला हाक मारली, की चल, तुझा फोनही घे. कुठं, ते सांगितलं नाही. दोघी बौद्धवाडीत गेल्या तेव्हा रत्नदीप धार काढून कॅन धूत होता आणि उरलेली गिऱ्हाइकं ओट्यापुढं उभी होती. चंद्राबाई उंबऱ्यात बसली होती. ती उठली नाही.

"आलीस," ती म्हणाली. "तुझ्या नातीचा कागद कळला मला. परवाच कळला. सावळारामाच्या सुनेनं पाणवठ्यावर सांगितलं."

नम्रता काही बोलायला गेली. सकुबाईनं तिला हातानं थांबवलं आणि ओट्यावर, सगळ्या वाडीला दिसेल अशी, मांडी घालून बसली.

"ताक दे गो चंद्रे. पेला नको, तांब्या भरून दे."

चंद्राबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग आत जाऊन तांब्या आणला. सकुबाईनं तो एका दमात रिकामा केला, ओठ पदराला पुसले आणि नातीला म्हणाली, मुरबाडला व्याह्याला फोन लाव, मोठ्या आवाजाचा लाव. भगीरथ फोनवर आला. इकडचं तिकडचं विचारायला लागला तसं तिनं त्याला मध्येच थांबवलं.

"व्याहीबुवा, तुमाला बाधला तो माझा भात. माझ्या खाचरातला, माझ्या हातचा. ताक चोख होतं, मी आता पिऊन बसलेय. तुमच्याकडं कोणी ताकाचं नाव घेतलं तर त्याला माझ्याकडं धाडा."

 मग पलीकडून भगीरथ म्हणाला, की म्हणजे बरणीत ओकलो ते फुकट नाही गेलं. रत्नदीप कॅन धुता धुता हसला. गिऱ्हाइकांतलीही दोघं-तिघं हसली. चंद्राबाई हसली नाही. ती ओट्याच्या कडेला येऊन बसली, पूर्वी बांधावर बसायची तशी, मध्ये एक हात जागा सोडून.

"सकू, आमाला दरवेळी व्हायचं," ती हळू म्हणाली. "आंब्याखाली. आमच्यापुढं कोणी बरणी नाय धरली."

"मीच वाढायचे गो तुला," सकुबाई म्हणाली. "तळाचा."

"चार घास जास्त."

"हां. चार घास जास्त."

गोठ्यात एक म्हैस रवंथ करत होती. थोड्या वेळानं चंद्राबाईनं रिकामा तांब्या उचलला, आत गेली आणि परत भरून आणला. या वेळी दोन पेले होते. नम्रता खांबाला टेकून उभी होती, तिचे डोळे भरले होते, आणि आजीला डोळे भरलेली माणसं आवडत नसल्यामुळं ती तोंड फिरवून उभी होती. सकुबाईनं तिला पुढं बोलावलं, बस म्हणाली, आणि बसल्यावर सगळ्यांच्या देखत बोलली.

"व्याह्याच्या तोंडापुढं बरणी धरलीस, त्यात तुझी चूक नव्हती, नम्रे. मी उगा मनात धरलं. तू कागद घेऊन आधी माझ्या अंगणात आलीस, ती चूक. जिचं नाव गेलं तिच्या दारात आधी यायचं होतं, आजीच्या नाय. इथंबी तू हिला शेवटीच बसवलीस. जंतूंची घराणी शीक तुला पाहिजेत तेवढी. पंगत कुठून वाढायला घ्यायची, ते माझ्याकडून शीक, मी ते उलटं करून म्हातारी झालेय."